विरोधी पक्षाचा घसा

तिचा आवाज गेला तो भर रस्त्यात, आणि तोही वाक्याच्या मध्यावर. प्रचाराच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी माईक धरून ती रोज जुन्या खासदारांसाठी घसा फोडत होती. "नाडी बघणाऱ्याला देशाची नाडी—" इथवर आली, आणि पुढे कर्ण्यातून नुसती खरखर बाहेर पडली. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर शहरात नवा. समोर दिसला त्या दवाखान्यात त्यानं तिला नेऊन बसवलं, आणि मग दारावरचं पोस्टर बघून कपाळाला हात लावला. संसदेच्या निवडणुकीला खासदारांविरुद्ध उभा राहिलेला नाडी बघणारा तो हाच होता.

डॉक्टर उंच, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं आ केला. त्यानं पट्टीनं जीभ दाबून आत उजेड टाकला.

"देशाची नाडी कशी कळणार... असंच आहे ना पुढे?" त्यानं शांतपणे विचारलं. "रोज ऐकतो. वाक्य झकास आहे. कुणाचं?"

तोंडात पट्टी असताना लाजता येत नाही असं कुणाला वाटत असेल, तर ते खोटं आहे. तिनं स्वतःकडे बोट दाखवलं.

"तरीच," तो म्हणाला, "तुमच्या खासदारांना इतकं बरं सुचणार नाही."

तिला हसू फुटलं आणि हसताना घशात काटा रुतला. तो मात्र एकदम गंभीर झाला. लिहायला घेतलेलं थांबवलं, खिडकीबाहेर उभ्या कर्ण्याच्या गाडीकडे पाहिलं, आणि थोडं अडखळत म्हणाला, "जपून... थोडं थोडं बोललात तर चालेल."

आवाज हीच तिची मिळकत होती. लिफ्टमध्ये मजले सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज तिचाच, दुकानांच्या जाहिराती तीच करायची, त्यावर तिचं आणि आईचं घर चालायचं. घरात तिला भोंगा म्हणत. मामा जुन्या खासदारांचा उजवा हात, प्रचाराचं काम त्यानंच मिळवून दिलेलं. त्यामुळे डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर ती पुन्हा गाडीत बसली, आणि आठवडा संपायच्या आत घशातून हवेशिवाय काही निघेना. ती परत त्याच दवाखान्यात आली.

डॉक्टरनं आत पाहिलं, पट्टी खाली ठेवली आणि स्टुलावर बसला.

"तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर मी पहिल्याच दिवशी तोंड बंद ठेवायला लावलं असतं. पण लोक म्हणतील, विरोधकांचा आवाज बंद पाडला... मी त्याला घाबरलो. त्या दिवशी तुम्हाला डॉक्टरनं तपासलंच नाही. उमेदवारानं तपासलं."

ती ताडकन उठली. राग आला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, पण आता बोलायची सोयच नव्हती. राग आतल्या आत फिरत राहिला, आणि दारापर्यंत पोचताना तिच्या लक्षात आलं की हे त्यानं सांगितलं नसतं, तर तिला जन्मात कळलं नसतं. ती वळली. तो मान खाली घालून बसला होता. ती मुकाट्यानं परत आली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला मोठ्या इस्पितळात घशाच्या तज्ज्ञाकडे घेऊन गेला. त्याच वेळी त्याची सगळ्यात मोठी सभा होती. फोन सारखा वाजायला लागला, तेव्हा त्यानं तो बंद करून टाकला आणि रांगेत तिच्याशेजारी बसून राहिला. तज्ज्ञानं पूर्ण मौन सांगितलं, मतदान होऊन जाईपर्यंत. आवाज परत येईल, कदाचित पूर्वीसारखा येणारही नाही, असंही सांगितलं.

मामानं आकांडतांडव केलं. उमेदवारानं भाचीचा गळा दाबला अशी आवई उठवली, आणि तिला व्यासपीठावर नेऊन बसवायचा घाट घातला. तिनं ठामपणे नकाराची मान हलवली. डॉक्टरला मात्र भरसभेत कुणीतरी विचारलंच. हो, चूक माझीच, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. त्याच्या माणसांनी डोक्याला हात लावले.

मग ती संध्याकाळी दवाखान्यात जाऊ लागली. आधी घसा दाखवायला, नंतर नुसतीच. प्रचार करून तो दमून यायचा आणि बोलत बसायचा. तो उभा का राहिला, हेही त्यानं तिलाच सांगितलं. नळाला तेच घाण पाणी, तीच बिघडलेली पोटं, दरवर्षी त्याच गोळ्या. नळ बदलायची ताकद गोळीत नाही. ती भुवयांनी उत्तरं द्यायची, तो मुद्दाम चुकीचा अर्थ लावायचा, आणि ती त्याच्या बाहीला हलकीच चापट मारायची. जन्मभर इतरांसाठी बोललेल्या या मुलीला आता स्वतःसाठी एक वाक्य बोलायचं होतं. ती त्याच्या प्रेमात पडली होती. ते सांगायला आवाजच परत आला नाही तर, या विचारानं तिची झोप उडायची.

मतदान झालं. निकालाच्या आदल्या दिवशी तज्ज्ञानं तिला चार-दोन वाक्यांची परवानगी दिली. ती आईकडेही न जाता थेट दवाखान्यात आली.

"मी तुम्हाला मत दिलं नाही," ती म्हणाली.

आवाज खरबरीत होता, जरा बारीक झाला होता, पण तिचाच होता. तो ऐकून डॉक्टर खुर्चीतून उठला, त्याचे डोळे भरून आले. वाक्याचा अर्थ त्याच्यापर्यंत नंतर पोचला.

"साहजिक आहे," तो सावकाश म्हणाला. "मामा..."

"त्यांच्या माणसालाही नाही. बोट तुमच्या नावासमोरच्या बटणावर नेलं होतं. मग वाटलं... निवडून आलात तर राजधानीत जाल. ते नळ आठवले, लाज वाटली, तरी हात मागे आला. शेवटी 'यांपैकी कुणीही नाही' दाबलं."

डॉक्टरनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"आणि मी एका मतानं पडलो तर?"

"जन्मभर भरपाई करीन."

"निवडून आलो तर?"

त्यानं निवडून यावं, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि हेही आताच कळत होतं.

"दवाखाना उचलून नेता येत नाही," ती म्हणाली. "आवाज कुठेही नेता येतो. नेणार असाल तर..."

"बास," तो घाईनं म्हणाला. "आजच्यापुरतं एवढंच बोलायचं."

तिनं शहाण्या पेशंटसारखं तोंड मिटलं, स्टूल ओढून त्याच्या समोर बसली आणि हनुवटी तळव्यावर टेकवली. आता बोलायची पाळी त्याची होती, आणि त्याच्या घशाला तर काहीच झालं नव्हतं.