चिमट्याच्या दोन खुणा

"मेस्त्री, आधी येऊन बाबांची गाडी बघा. मग मी पोलिसांत जाते."

एवढं बोलून फोन बंद झाला. मेस्त्रीने हात पुसले, गॅरेजला कुलूप घातलं आणि निघाला. गाडीचा मालक त्याचा एकुलता एक मित्र, चार महिन्यांपूर्वी गेलेला. तेव्हापासून मेस्त्रीला कामाशिवाय कुणी हाक मारली नव्हती. आजची हाकही कामाचीच होती म्हणा, पण गडी जवळजवळ धावतच गेला.

मोटारसायकल शेडमध्ये उभी होती. मित्राने वीस वर्षं पुसून लखलखीत ठेवलेलं क्रोम, म्हणजे हेडलाइटची रिंग, आरशांचे दांडे, साखळीचं कव्हर, सगळं काळ्या रंगाखाली गेलं होतं.

"काकांचंच काम हे," मुलगी म्हणाली. परगावाहून दोन दिवसांसाठी आलेली ती, हे पाहून रजा वाढवून बसली होती. "त्यांनी गाडी मागितली होती, मी नाही म्हटलं. मी यायच्या आधी, मंगळवारी, ते अर्धा तास शेडमध्ये एकटेच होते. शेजारणीने पाहिलंय."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं. हो नाही की नाही नाही. गप्पच."

तिची आई दारात उभी होती. दिरावर आळ येत होता तरी ती ब्र काढत नव्हती.

या घरात अधूनमधून डोकावणारं माणूस आता तो दीरच उरला होता. तक्रार झाली की तोही यायचा बंद होणार.

त्याने रंगावर नख ओढलं. काही निघालं नाही. मग रिंग सोडवून उन्हात नेली आणि उलटी करून पाहिली. आतल्या कडेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, क्रोमचे दोन बारीक ठिपके चमकत होते. बाजूला रंग पातळ होता, त्याखाली गोल गोल ओरखडे दिसत होते.

अंगणातल्या दोरीवरून त्याने कपड्यांचा एक चिमटा काढला आणि कडेला लावला. ठिपके बरोबर झाकले गेले.

"ताई, पोलिसांत जाऊ नका."

"का?"

"क्रोमवर नुसता रंग मारला तर सालीसारखा सोलून निघतो. हा नखाला दाद देत नाही. म्हणजे कुणीतरी आधी पॉलिश पेपरने घासून चमक घालवली, थिनरने तेलकटपणा काढला, प्रायमर दिला, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात दिले. हे दोन-तीन दिवसांचं काम, अर्ध्या तासाचं नव्हे. भाग वाळवले याच दोरीवर. चिमट्याने धरलं तिथे रंग पोचला नाही."

"मग कुणी केलं?"

"रंगारी पेपर सरळ मारतो. हे ओरखडे पातेलं घासल्यासारखे आहेत."

घरात पातेली घासणारं माणूस एकच होतं. मुलगी वळली.

"आई?"

"तुझे बाबा असताना गाडी पुसायला बसले की रिंगेत दोघांची तोंडं दिसायची," आई म्हणाली. "आता एकटीचंच दिसतं. रोज किती बघायचं ते?"

"अगं, मग काकांवर आळ घेतला तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू रजा वाढवलीस ना. चार दिवस घरात बोलायला कुणीतरी होतं."

मुलीला रडू आवरेना. मेस्त्रीला त्या बाईचं बोलणं फार जवळून कळलं. त्याने उगाचच रिंग पुसायला घेतली.

मग आईनेच फोन उचलला, स्पीकर लावला.

"भावजी, गाडी मी रंगवली. आळ तुमच्यावर आला आणि मी तोंड शिवून बसले. चुकलं माझं."

"मला ठाऊक होतं, वहिनी. मंगळवारी आलो तेव्हा सगळं दोरीवर वाळत होतं."

"मग पोरीला सांगितलं का नाहीत?"



"पोर घरी राहिली होती ना, वहिनी."