दोराला बांधलेली गाडी

लाझारो साकाला कितीतरी वर्षं आपल्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना एकच प्रवचन देत आला होता. भाड्याची गाडी घेऊन स्वतःच हाकत जंगलात निघालेल्या प्रत्येकाला. वाळू लागली की टायरची हवा कमी करा. हत्ती आडवा आला तर हॉर्न वाजवू नका. सूर्य कलला की असाल तिथे मुक्काम. आणि रस्त्यावर तोडलेल्या हिरव्या फांद्या दिसल्या की समजा, पुढे कोणाची तरी गाडी बंद पडलीय. वेग कमी करा आणि फांद्या वळवतील तिकडे वळा. पेटाउके गावापासून पार लुआंग्वा नदीपर्यंत ड्रायव्हर लोकांचा देवानंतर या फांद्यांवरच भरवसा.

त्या ऑक्टोबरात उन्हाने माणसं चिपाडासारखी झाली होती. हेंडरिका नावाच्या ताडमाड डच बाईला लाझारोने हे प्रवचन जांभया देत देतच ऐकवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला नदीकाठच्या कॅम्पवरून फोन आला, की बाई पोचलीच नाही. लाझारोने न्शिमाचा, मक्याच्या घट्ट पिठल्याचा, हातातला घास तसाच ताटात ठेवला. एकटी बाई, जेमतेम पाणी, आणि रस्ता त्यानेच सांगितलेला.

त्याने पिकअपमध्ये पाण्याचे कॅन टाकले आणि बहिणीच्या नवऱ्याला, कबासोला, झोपेतून उठवून शेजारी बसवलं.

"उंदीर खाऊन खाऊन तुमची नजर बारीक झालीय, मेव्हणेबुवा," कबासो डोळे मिटूनच म्हणाला. "चाकांच्या खुणा तुम्हीच बघा."

"माकडं खाणाऱ्यांनी झोपावं खुशाल," लाझारो म्हणाला. "फक्त घोरू नका, दाजी. इंजिनचा आवाज ऐकू येत नाही." दोघांच्या जमातींमधली ही थट्टा पिढ्यानपिढ्यांची.

रस्ता म्हणजे नुसता धुरळा. पावसात चिखल झालेल्या काळ्या मातीला हत्तींच्या पायांची भोकं पडलेली, आणि ती वाळून दगड झालेली. गाडी खडखडत होती, हाडं खडखडत होती. तासाभराने पहिल्या फांद्या दिसल्या. तीन, ओळीने मांडलेल्या. लाझारोने वेग कमी केला. वळण गेलं, पुढचंही गेलं. गाडी काही दिसेना.

पुन्हा फांद्या. या वेळी कबासो उतरला. देठातून चीक गळत होता, ओला, कडवट वास येत होता. आत्ताच तोडल्यासारख्या. पण आसपास झाडं होती ती सगळी निष्पर्ण.

"फेकून देऊ?"

"हात लावू नका. ज्याने टाकल्या त्यानेच उचलायच्या असतात."

"तो आहे कुठे पण?"

लाझारोने त्याला गाडीत बसायची खूण केली. तिसऱ्या फांद्या रस्ता अडवून तिरक्या टाकलेल्या होत्या, कोरड्या ओढ्याकडे वळवणाऱ्या. आणि बाईच्या चाकांच्या खुणा इमानेइतबारे तिकडेच वळल्या होत्या.

गाडी ओढ्यात निम्म्या चाकांपर्यंत रुतलेली. जळक्या क्लचचा वास. बाई काचा लावून आत बसलेली. जिवंत होती. लाझारोने पाण्याचा कॅन तिच्या हातात दिला.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं मी," पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली. "आणि तो माणूसही हाताने इकडेच दाखवत होता."

"कोण माणूस, मॅडम?"

"फार दमला होता बिचारा. पाणी दिलं त्याला. म्हणाला, आता गाडी येईल, ओढून नेईल... फार दिवस वाट बघितली. मागे झोपलाय बघा."

कबासोने काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"उतरून गेला असेल," लाझारो म्हणाला. पण त्या दाराखालच्या वाळूवर एका पाखराच्या पायांखेरीज ठसा नव्हता.

ऊन उतरत होतं, आणि या ओढ्यात संध्याकाळी हत्ती येतात. वाळू उपसली, चाकांखाली फळ्या घातल्या, दोर बांधला. आता ओढायच्या गाडीत कोणीतरी बसावंच लागतं. स्टिअरिंग धरायला, ब्रेक दाबायला. नाहीतर ती पहिल्याच उताराला पुढच्या गाडीवर येऊन आदळते. बाई दमून लाझारोच्या शेजारी येऊन बसली होती. लाझारोने आरशात पाहिलं. धुळीपलीकडे स्टिअरिंगमागे डोकं दिसलं. मागच्या गाडीचा दिवा एकदा लुकलुकला, म्हणजे चला. तो निघाला.

आणि काय सुरेख ओढली गेली ती गाडी! चढाला दोर ताठ, उताराला मागून बरोब्बर ब्रेक. एक धक्का नाही. दाजीला आजवर उगाच नावं ठेवली, असं लाझारोच्या मनात येऊन गेलं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा दिवस मावळत होता. लाझारोने गाडी कडेला घेतली. मागची गाडीही सिग्नल देऊन कडेला आली, अलगद थांबली.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे, पिकअपच्या हौद्यात, ताडपत्री हलली. जादा टायरआडून धुळीने माखलेलं डोकं वर आलं.

"पोचलो का?" कबासोने विचारलं. "बाईने चांगली चालवली हं गाडी."

"तुम्ही... तुम्ही इथे काय करताय, दाजी?"

"मग कुठे बसणार? त्या गाडीत मी पाय ठेवणार नव्हतो. दोर बांधताना बाईच म्हणाली होती ना, मी धरते स्टिअरिंग."

लाझारोच्या शेजारी बाई केव्हाची झोपली होती.

दोघं मागे चालत गेले. सिग्नल अजून टकटकत होता. लाझारोने चालकाचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फक्त त्या उंच बाईने पार मागे सारलेली सीट पुढे ओढून घेतलेली होती, पोरसवद्या उंचीच्या माणसाने ओढावी तशी.

"दोर सोडू?" कबासो कुजबुजला.

लाझारोने दारावरचा हात काढून घेतला. दार मग आतून कोणीतरी ओढून घेतलं... हळूच, पुढे झोपलेल्या बाईची झोप मोडू नये म्हणून.