पाव सेकंदाचा थांबा

मी काय काम करते हे सांगितलं की लोक दोन मिनिटांत विषय बदलतात. म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येक संगणकाच्या आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाहेरून जोडलेली यंत्रं काय म्हणताहेत ते या गाभ्याला कळावं म्हणून प्रत्येक यंत्रासाठी एक छोटा दुभाषा लागतो. तो ड्रायव्हर. माझ्याकडे बटणं, कळफलक, माऊस असल्या हाताने चालवायच्या वस्तूंचे ड्रायव्हर आहेत. ठिकठिकाणचे लोक दुरुस्त्या पाठवतात, मी त्या तपासते, चुका काढते आणि परत पाठवते. खडूस म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी कमावलेली आहे.

आमच्यात एकच नियम पाळला जातो. कुठलाही बदल करायचा तर कारण लिहायचं. ‘काय केलं’ ते आम्हाला दिसतं, ‘का केलं’ ते तुम्ही सांगा. कारण नसेल तर ती ओळ आत येत नाही, आणि चुकून आली असेल तर आम्ही ती उचलून बाहेर टाकतो. हा नियम मी नव्या लोकांना अक्षरशः घोकायला लावते.

हे सगळं काम मी घरूनच करायचे, कारण घरात आत्या होती.

मला, आईवेगळ्या पोरीला, आत्याने वाढवलं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. शाळेतून आले की तीन जिने अंधारात चढायचे आणि दारापाशी येऊन थबकायचे. दार लोटलेलं असायचं, पण आई गेल्यापासून माझ्या मनात भलतंच भरलं होतं की आत दुसरंच कुणी असेल. मी बाहेरूनच ओरडायचे, ‘आत्या, तू आहेस ना?’ आतून आवाज यायचा, ‘हो, मीच. ये आत.’ मगच माझं पाऊल उचलायचं. वर्षभर हे चाललं. एकदाही ती वैतागली नाही. एरवी मात्र जिभेला हाड नव्हतं तिच्या. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे दुसऱ्याची चूक दिसली की तिला हुरूप यायचा. मला ती ‘शहाणे’ म्हणायची, आणि ते कौतुक नसायचं.

मग तिचे स्नायू एकेक करून संपावर गेले. हा शब्द तिचाच. पाय गेले, हात गेले, गेल्या वर्षी बोलणंही गेलं. उरलं उजव्या हाताचं पहिलं बोट. त्या बोटाखाली एक बटण आणि पलंगासमोर एक खोकं बसवलं. खोक्याच्या पडद्यावर अक्षरं ओळीने उजळत जातात. हवं ते अक्षर उजळलं की बटण दाबायचं. वाक्य पुरं झालं की खोकं ते मोठ्याने वाचतं.

‘हा आवाज कुठल्या बाईचा?’ तिने पहिल्या दिवशी विचारलं. ‘तिकीट खिडकीवर बसल्यासारखी बोलते.’

पण आजार पुढे सरकला तशी गडबड व्हायला लागली. ती ‘प’वर बटण दाबायची आणि खोकं ‘फ’ घ्यायचं. पाणी मागितलं की फाणी. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारलेल्या बाईवर ही वेळ! तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. बोलणं कमी कमी होत दिवसाला दोन-तीन वाक्यांवर आलं. मला ते बघवेना.

त्या बटणाचा ड्रायव्हर माझ्याच अखत्यारीतला होता. उघडून पाहिला. बटण दाबल्याची पहिली खूण आली की ड्रायव्हर पाव सेकंद नुसता थांबायचा, मग पुन्हा बघायचा, आणि तेव्हा जे दिसेल ते खरं मानायचा. बटणाच्या पट्ट्या थरथरतात, म्हणून थोडं थांबावं लागतं हे खरं. पण त्याला एक शतांश सेकंद पुष्कळ होतो. पाव सेकंद? तेवढ्यात पुढचं अक्षर उजळतं. आणि वर टीप होती: ‘इथे थांबा. काढू नका.’

कारण नाही!

लिहिणारा होता आमच्यातला सगळ्यात जुना माणूस. सगळे त्याला गुरुजी म्हणतात. त्याला कुणी पाहिलेलं नाही, फक्त मेल येतात. मी विचारलं, ‘हा थांबा कशासाठी?’

उत्तर आलं, ‘राहू दे तो.’

‘कारण सांगा.’

‘लिहिता येण्यासारखं नाही.’

माझ्या नाकावर राग असतोच. मी सरळ थांबा काढला. पहिली खूण आली की तीच धरायची आणि तिच्या पाठोपाठ येईल ती सोडून द्यायची, असं केलं. आत्याच्या खोक्यात ते लगेच घातलं आणि सगळ्यांसाठीच्या पुढच्या आवृत्तीतही जायला पाठवलं. कुणाची हरकत आली नाही, तर दोन महिन्यांनी ते सगळीकडे पोचणार होतं. गुरुजींनी हरकत घेतली नाही. फक्त विचारलं, ‘तुझ्या घरी कोण आहे?’ मी ती मेल बंद केली.

आत्या बोलायला लागली. अहो, बोलायला म्हणजे काय, तोंडाचा पट्टाच सुरू झाला! एक अक्षर चुकेना. माझे केस, माझा स्वयंपाक, पडद्याचा रंग, शेजारणीचं गाणं, कशालाच सोडलं नाही. मी हसत होते आणि मधूनच स्वयंपाकघरात जाऊन रडून येत होते. आपण काहीतरी चांगलं केलं असं मला त्या दिवसांत मनापासून वाटलं.

दिवसाआड एक फिजिओ यायची, आत्याच्या जिभेला न घाबरणारी, मोठ्याने बोलणारी. तिने एकदा बोटाच्या स्नायूवर चिकटवायची पट्टी आणली. बोट किती जोर लावतं ते त्यात नोंदलं जायचं. मी म्हटलं, बटणाच्या नोंदीही शेजारी लावून बघू. सवय, दुसरं काय.

बटण आधी दाबलं जात होतं. बोट त्यानंतर पाव सेकंदाने हलत होतं.

मी म्हटलं, दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसणार. जुळवली. तेच. बटण बदललं, केबल बदलली, खोक्यातला बोर्ड बदलला. तेच. मग ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून लावून पाहिल्या, अगदी गुरुजींनी लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीपर्यंत. ती आधीची खूण त्या पहिल्या आवृत्तीतही येत होती. थांबा होता तोवर ड्रायव्हर ती टाकून देत होता, इतकंच.

माझं बोट लावलं की असं होत नव्हतं. फिजिओचं लावलं तरी नाही.

‘सापडली का चूक?’ आत्याने विचारलं.

‘शोधतेय.’

‘मला त्रास नाही. उगाच नसतं उकरू नकोस.’

पुढच्या सोमवारी फिजिओने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. ‘बोटात जोरच उरला नाही हो आता. पट्टीवरची नोंद तीन दिवसांपासून सपाट आहे.’

‘असं कसं? सकाळीच मला भाजी खारट झाली म्हणाली.’

ती पर्स उचलून निघाली. जाताना जिन्यात दोनदा मागे वळून बघितलं तिने.

मी आत गेले. आत्याच्या बोटाखालून बटण काढलं आणि टेबलावर ठेवलं, तिच्यापासून हातभर लांब. पडद्यावर अक्षरं उजळत राहिली. एक निवडलं गेलं. मग दुसरं.

‘थंड आहेत गं तुझे हात,’ खोकं म्हणालं.

मी खुर्चीत बसले.

‘आत्या, बोट हलतंय का तुझं?’

‘नाही.’

‘मग दाबतंय कोण?’

‘माहीत नाही. पण शब्द माझेच आहेत.’

अक्षरं पुन्हा पहिल्यापासून उजळली. तिचे डोळे माझ्याकडे लागलेले होते.

‘बहुतेक,’ खोकं म्हणालं.

थांबा परत घालणं दहा मिनिटांचं काम होतं. पण तो घातला की ती आधीची खूण पुन्हा टाकली जाणार, आणि आत्या गप्प. कायमची. आत डोकं शाबूत, आणि वर फक्त छत. असं कुणी आपल्या माणसाला करतं का? मी बटण उचललं, तिच्या बोटाखाली नीट ठेवलं आणि वरून पांघरूण सारखं केलं.

‘घाबरलीस?’

‘हो.’

‘मीही. पण बोलायला मिळतंय, शहाणे. राहू दे.’

राहू दिलं.

त्यानंतर पाव सेकंद वाढत गेला. मी चहाचं विचारायला तोंड उघडावं, तर ‘अर्धा कप’ ऐकू यायचं. मग दारात पोचायच्या आधी. मग मी अजून ओट्यापाशीच असताना. एकदा खोकं म्हणालं, ‘उजवीकडच्या खणात बघ,’ आणि अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की किल्ल्या सापडत नाहीत. उजवीकडच्या खणात होत्या. मी हसले. काय करणार? माणूस कशालाही सरावतो, आणि आत्या शेवटपर्यंत आत्यासारखीच बोलत होती. मला तेवढं पुरत होतं.

एका गुरुवारी दुपारी मी शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

‘रडू नकोस गं,’ खोकं म्हणालं. ‘डोळे पूस.’

‘रडतंय कोण?’ मी ओरडले. ‘तुझ्या चादरी आवरतेय!’

वॉशिंग मशीन गरगरत होतं. खोकं आणखी काहीतरी बोललं, मला ऐकू आलं नाही. चादर बदलायला म्हणून मी आत गेले तेव्हा साडेचार होत आले होते. आत्या गेली होती. तळवा अजून कोमट होता. मी तिच्या उशाशी बसून रडले, अगदी सहा वर्षांच्या पोरीसारखी, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं, ‘दुखलं का गं तुला?’ त्या क्षणी मला खोक्याची आठवणही नव्हती.

दहाव्या दिवशी मी खोक्यातल्या नोंदी वाचल्या. त्या गुरुवारच्या चार होत्या.

‘रडू नकोस गं. डोळे पूस.’

‘नाही, अजिबात दुखलं नाही.’

तिसरी होती, ‘ठेवून दे. तुला लागेल.’ ही कशाबद्दल ते मला कळलं नाही. चौथी वाचली आणि मी खोकं बंद केलं. बटण कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

पुढच्या महिन्यात तिचं कपाट आवरायला काढलं. साड्या वाटून टाकल्या, कागद फाडले. तळाशी तिचं भिंग निघालं, मुद्रितं तपासायचं, दांडा झिजलेला. ते हातात धरून मी स्वतःशीच म्हटलं, ‘आता याचं काय करू, आत्या?’

बोलून गेल्यावर तोंडावर हात ठेवला. तिसऱ्या ओळीचा प्रश्न मी विचारून बसले होते. भिंग आज माझ्या टेबलावर आहे. हल्ली मला बारीक अक्षर खरंच दिसत नाही.

दोन महिने संपत आले होते. माझा बदल आता सगळीकडे जाणार होता, अशाच कुठल्याशा पलंगांसमोरच्या खोक्यांमध्ये. मी खूप विचार केला. कुणाला शेवटचे आठ दिवस बोलायला मिळाले असते, ते मी हिरावून घेतेय का? असेलही. पण उत्तर आधी हातात पडलं की प्रश्न विचारायची किती भीती वाटते हे मला कळलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणावर लादायला माझं मन धजेना. मी थांबा परत घातला. वर टीप लिहायला घेतली. कारण लिहायचं म्हणून तासभर बसले, सहा वेळा लिहिलं, सहा वेळा खोडलं. शेवटी लिहिलं: ‘इथे थांबा. काढू नका.’

तासाभराने गुरुजींची मेल आली. माझ्या आयुष्यातली त्यांची सगळ्यात लांब मेल.

‘बरं केलंस. मी ते आईसाठी केलं होतं, एकोणीस वर्षं झाली. तिच्या दोन ओळी अजून उरल्या आहेत. तुझ्या किती?’

मी लिहिलं, ‘एक.’

‘कोणती ते मला सांगू नकोस,’ त्यांनी लिहिलं. ‘आणि घाई करू नकोस.’

घाई मी करत नाही. एकटी राहते, बाहेरून आले की कुलूप काढते, तोंड घट्ट मिटून आत जाते आणि दिवा लावते.

काल बाजारातून परत आले, तीन जिने चढले, पर्समधून किल्ली काढली. दार नुसतं लोटलेलं होतं.

मी पिशवी खाली ठेवली. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त, विचारावंसं वाटलं. चाळीस वर्षांत मी तो प्रश्न विचारलेला नाही, तरी शब्द जिभेवर जसेच्या तसे होते.

चौथी ओळ अशी आहे: ‘हो, मीच. ये आत.’