डावा कान

ज्ञानेशने सायकलची घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. पुढची बाई रस्त्याच्या मधोमध चालली होती, निवांत, भिजत, जणू हे अख्खं परदेशी ब्युमॉन्ट तिच्या बापाचं. तिसऱ्या घंटीलाही ती हलली नाही तेव्हा त्याने हँडल वळवलं आणि थेट उजवीकडच्या झुडपी कुंपणात जाऊन पडला. पडता पडता तोंडातून एक शिवी गेली. अस्सल, मिरजेची.

बाई गर्रकन वळली. "अगं बाई – मराठी?"

"घंटी ऐकू येत नाही, आणि शिवी बरी ऐकू येते!"

"घंटी डावीकडून वाजली असेल. शिवी उजव्या कानात आली." तिने हात देऊन त्याला उठवलं. "डाव्याचं काहीतरी बिनसलंय. सर्दी होती, विमान झपकन खाली आलं, आत फट् झालं."

"आणि ऐकू कधीपासून येत नाही?"

"हे काय, आत्ता कळलं." ती हसली. "कळायला कुणीतरी बोलावं लागतं ना. इथे आल्यापासून माझ्याशी कुणी बोललंच नाही."

ती गमतीत म्हणाली. ज्ञानेशला मात्र हसू आलं नाही. तो कान-नाक-घशाचा डॉक्टर. दिवसभर हॉस्पिटलात लोकांच्या घशात डोकवायचा आणि संध्याकाळी खोलीवर आला की त्याच्याच घशातून शब्द फुटायचा नाही. बोलायचं कुणाशी? रविवारी आठवड्याचं वरण करून फ्रिजात टाकायचं, आणि कुणी विचारलं की इथल्या लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणायचं. पाऊस ग्रँड, तब्येत ग्रँड, एकटेपणासुद्धा ग्रँड. माणूस आतून सडला तरी शेजारी सांगतील – युअर मॅन, म्हणजे तो? ग्रँड होता की!

"उद्या ओपीडीत या," तो म्हणाला. "झुडपात तपासता येत नाही."

ती आली. नाव पद्मिनी, गाव नागपूर, काम मालवाहू विमान उडवणं, इथे आली होती सुट्टीवर. कानाच्या पडद्याला भोक होतं.

"पडदा भरेपर्यंत उडायचं नाही."

"डॉक्टर, तिकडे युद्ध चाललंय."

"कुठे?"

"नाव सांगून काय करता? तुमच्या बातम्यांत तो देश वर्षातून एकदा येतो, तोही क्रिकेटनंतर." मग तिने सांगितलं. पर्वताच्या अलीकडे तळ, पलीकडे वेढा पडलेलं शहर. रस्ते बंद. सलाइन, इन्सुलिन, पीठ, सगळं हवेतून. जुनाट विमान घेऊन खिंडीतून वर चढायचं आणि पलीकडे दगडासारखं खाली यायचं. सावकाश उतरलं की खालून गोळ्या येतात. "आम्ही सैनिक नाही हो, कंत्राटी माणसं. सैनिक मेला तर झेंडा तरी मिळतो. आमचा विमा पर्वताच्या अलीकडेच संपतो."

"मग जाता कशाला?"

"काहून म्हणजे? पलीकडे लोक आहेत."

ज्या जगात सलाइन न्यायला पोरींना गोळ्यांखालून जावं लागतं, त्या जगाला काय बोलणार? ज्ञानेशने कान पुसला, कापूस ठेवला, आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

मग आठवड्याची वाट कोण पाहतो! चहा झाला. समुद्रकाठी, डॉलीमाउंटच्या वाळूवर फिरणं झालं. 'डॉक्टर' गेलं, 'तुम्ही' गेलं. तो नेहमी तिच्या उजव्या बाजूने चालायचा, चांगल्या कानाकडून. वारा कितीही झोंबला तरी बाजू सोडायचा नाही. तिने ते पाहिलं होतं.

एका संध्याकाळी तीच मुद्दाम फिरून त्याच्या उजवीकडे गेली. केस कानामागे घेतले. "इकडून बोल. बघू पडदा काय म्हणतो."

ज्ञानेश वाकला. तिच्या केसांना समुद्राचा खारट वास होता. अगदी हळू – स्वतःलाच जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू – तो म्हणाला, "जाऊ नकोस."

"काय?"

"काही नाही."

"नाहीच आलं ऐकू," ती म्हणाली, आणि लाटांकडे बघत राहिली.

पुढच्या तपासणीला त्याने कानात पाहिलं. पडदा अखंड. मोत्यासारखा चकचकीत, कुठे फट नाही. डॉक्टरला आनंद व्हायला हवा होता. ज्ञानेशने पुन्हा एकदा पाहिलं, कुठेतरी फट सापडावी म्हणून.

"अजून... थोडं राहिलंय," तो म्हणाला. "दोन आठवडे."

"बरं." तिने तिथेच फोन लावला. "कॅप्टन, अजून दोन आठवडे नाही जमणार... हो, ठाऊक आहे." फोन ठेवून ती उठली. "माझ्या जागी आमचा दुसरा पायलट, विशालच जाणार. परवाच एक फेरी मारून आलाय, धड झोपलाही नाही. विमान काही माझ्यासाठी थांबत नाही रे."

ती गेली. ज्ञानेश हातातल्या कान तपासायच्या दुर्बिणीकडे बघत बसला. प्रेम! एका न झोपलेल्या माणसाला डोंगरावर धाडणारं हे कसलं प्रेम? हलकटपणाला गोड नाव दिलं की झालं! तो तिच्यामागे पळाला.

पद्मिनी बसस्टॉपवर होती.

"खोटं बोललो," तो धापा टाकत म्हणाला. "कान बरा आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, आमच्या हॉस्पिटलातल्या शिवांगीला दाखव, ती माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहे. मी... मी तुला तपासण्याच्या लायकीचा राहिलो नाही."

पद्मिनी भडकली. "माझ्या बापाने पायलटच्या परीक्षेला माझे बूट लपवले होते. काळजीपोटी! तुम्हा पुरुषांना काळजी वाटली की दुसऱ्याच्या पायातले बूट काढता. अनवाणी गेले होते मी, माहितीये?"

"नाही."

"आता माहीत झालं." तिने कॅप्टनला पुन्हा फोन केला, विशालला झोपू द्यायला सांगितलं. मग जरा नरमून म्हणाली, "त्या दिवशी वाळूवर... मला ऐकू आलं होतं."

"मग 'नाही' का म्हणालीस?"

"तू पुन्हा म्हणशील म्हणून." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बोल ना आता. पण ते 'जाऊ नकोस' सोडून."

ज्ञानेश तिच्या डाव्या कानाशी वाकला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. भीतीही वाटते. दोन्ही राहू दे. तू जा."

बस आली. दोघांनी ती जाऊ दिली.

शिवांगीने कान पाहिला आणि तिला मोकळं केलं. विमानतळावर पद्मिनीने बॅग खांद्यावर टाकली.

"परत आले की कान शिवांगीलाच दाखवणार."

"आणि माझ्याकडे?"

"तुझ्याकडे यायला आता कान दुखायला कशाला हवा?" तिने त्याची कॉलर नीट केली, क्षणभर हात तिथेच ठेवला... आणि वळली ती मागे न बघता गेली.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. एका बाईने शेजारच्या सीटकडे बोट दाखवून विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"हो," ज्ञानेश म्हणून गेला.

बाईने रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दांड्याला धरून उभी राहिली.