अर्धा श्वास

प्रश्न विचारण्याआधी तो अर्धा श्वास घेतो.

पूर्ण नाही. पूर्ण श्वास खांद्यांपर्यंत दिसतो, आणि त्याचे खांदे हलत नाहीत. ओठ जेमतेम विलग होतात, हवा आत जाते आणि मध्येच थांबते – दारापर्यंत येऊन कुणी घुटमळावं, घंटी वाजवू की नको, तशी. सोप्या प्रश्नाआधी हे होत नाही. ज्याचं उत्तर त्याला खरोखर हवं असतं, त्याच प्रश्नाआधी होतं. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण तो श्वास कापणं हे माझं काम आहे.

आमच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर ध्वनिमुद्रणाची एक खोली आहे. तिथे तो लेखकांच्या आणि अभ्यासकांच्या मुलाखती घेतो. मी काचेपलीकडे बसून त्या मुद्रित करते, खोकले-खाकरे काढते आणि रेडिओकडे पाठवते. ऑफिसात त्याला सगळे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात. मला तो ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणतो, कारण मी इथे पहिल्यांदा आले ती मोजमाप करायला.

खोलीत कसलीशी गुणगुण येते, ती शोधून द्या, म्हणून मी तेव्हा नोकरी करत होते त्या ध्वनी-प्रयोगशाळेतून मला पाठवलं होतं. दार उघडलं तर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत होता.

“तुम्ही पहिलं वाक्य लिहिलंत, तेव्हा तुम्ही कोण होतात?” त्याने खुर्चीला विचारलं. मग मी दिसले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सराव करतोय.”

“काय म्हणाली?”

“कोण?”

“खुर्ची.”

“विचार करतेय,” तो गंभीरपणे म्हणाला. “चांगले पाहुणे आधी विचार करतात.”

मी उपकरण घेऊन खोलीभर फिरले. गुणगुण ट्यूबलाइटच्या चोकमधून येत होती. मी बटण बंद केलं. अंधुक उजेडात आम्ही दोघं नुसतेच उभे राहिलो.

“अरे...” तो हळूच म्हणाला. “एवढी शांतता होती इथे?”

“होतीच. खाली दबली होती.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती शांतता मीच पिशवीतून आणली होती. पुढे इथे जागा निघाली आणि मी अर्ज केला. घरी सांगितलं, ऑफिस जवळ पडेल. खरं तर ते प्रयोगशाळेपेक्षा लांब होतं.

मुलाखतीआधी आवाजाची पातळी पाहायला मी प्रत्येक पाहुण्याला एकच सांगते – “नाव सांगा, आणि काय करता ते सांगा. सहज बोला.” नाव पटकन येतं. पुढच्यावर मोठमोठे अडखळतात. कपाटभर कादंबऱ्या लिहिलेले एक वयस्कर लेखक म्हणाले होते, “मी... शाळेत भूगोल शिकवायचो.” एक अनुवादक बाई बराच वेळ माइककडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “दुसऱ्यांच्या घरात दिवे लावते.” ज्यांची पुस्तकं वाचून आपण स्वतःला ओळखायला लागलो, त्यांनाच स्वतःची ओळख सांगताना घसा साफ करावा लागतो. हे मी कितीदा तरी पाहिलं, आणि दरवेळी तेवढीच थक्क झाले.

मुलाखत संपली तरी लगेच उठायचं नसतं. मिनिटभर खोलीची शांतता मुद्रित करावी लागते. कापलेल्या जागा भरायला ती लागते, आणि ती त्या दिवसाचीच लागते. त्या मिनिटात तो काचेतून माझ्याकडे बघतो. बघायला दुसरं काही नसतं म्हणून, असं मी स्वतःला समजावत आले.

मीही लिहीत होते. हे फक्त मावशीला ठाऊक होतं. मावशीचं छोटंसं प्रकाशन आहे. माझं पुस्तक ऐकण्याबद्दल होतं – जिना, पाण्याचा नळ, बंद दारं यांच्या आवाजांबद्दल. त्यात एक प्रकरण अर्धा श्वास घेणाऱ्या माणसाचं होतं.

“मावशी, वर नाव नको,” मी म्हटलं.

“का? पुस्तक काय चोरीचं आहे?”

“तसं नाही...”

“अगं, बिननावाचं पुस्तक म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. मी छापायची नाही. मुखपृष्ठ तयार व्हायच्या आत ठरव.”

ठरवत नव्हते ते याचसाठी. नाव दिलं की तो वाचणार. वाचलं की त्याला कळणार. आणि त्याच्या मनात तसं काही नसलं, तर काचेपलीकडचं माझं मिनिटही जाणार.

पण मावशी ती मावशी. नवी पुस्तकं छपाईआधी आमच्या कार्यक्रमाकडे येतात, तसा तिने माझा मसुदाही पाठवून दिला. नावाशिवाय.

“शास्त्रज्ञबाई, हे वाच,” एका दुपारी तो माझीच पानं माझ्या हातात देत म्हणाला. “मी दोनदा वाचलं. काल घरी जाताना जिन्यात थांबून जिना ऐकला. शेजाऱ्यांना वाटलं, किल्ली हरवली.”

“बरं लिहिलंय?”

“बरं? मला या बाईशी बोलायचंय. पण प्रकाशक म्हणतात, ती नाव देत नाही, आणि नावाशिवाय छापणार नाही. म्हणजे हे कुणी वाचणारच नाही.” तो टेबलाच्या कडेवर टेकला. “आणि ते श्वासाचं प्रकरण... ती प्रेमात आहे त्याच्या.”

“असं कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. म्हणून तर.”

मी हेडफोनची वायर उगाचच सोडवत बसले. गाठ नव्हतीच.

“तो माणूस मठ्ठ असणार,” तो म्हणाला. “कुणी आपला श्वास इतकं जीव लावून ऐकतंय आणि याला पत्ता नाही.”

“असेल,” मी म्हटलं. “हुशार आहे, पण... असेल.”

“तुला काय माहीत, हुशार आहे?”

“प्रश्न चांगले विचारतो, असं लिहिलंय ना.”

तो बघत राहिला. मग कुणीतरी त्याला हाक मारली.

त्या आठवड्यात कोशकार बाई आल्या. शब्दांचे अर्थ नोंदवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आवाजाच्या पातळीसाठी मी विचारलं, काय करता, तर न अडखळता म्हणाल्या, “ऐकते.” मी काचेआड ताठ बसले.

शेवटाकडे त्याने अर्धा श्वास घेतला. “आपण कोण आहोत, हे नक्की कधी ठरतं?”

बाईंनी चष्मा काढला. “शब्द माझ्याकडे आला की, तू कोण, असं मी त्याला विचारत नसे. त्याला कोण कुणाशी बोलताना वापरतं, एवढंच बघायचे. माणसाचं वेगळं आहे असं मला नाही वाटत, बाळा. मनातल्या मनात तुम्ही कुणीही असू शकता. कुणासमोर तरी उच्चारलंत, की मग ते खरं व्हायला लागतं.”

मग खोलीची शांतता. तो काचेतून माझ्याकडे बघत होता. या वेळी मी नजर खाली घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती मुलाखत स्वच्छ केली. कागदांची सळसळ काढली, पेल्याचा आवाज काढला. त्या शेवटच्या प्रश्नाशी आले... आणि कापायच्या बटणावरून हात काढून घेतला. तो श्वास तसाच ठेवून फाइल त्याच्याकडे ऐकायला पाठवली.

सकाळी तो आला तेव्हा मी खोलीत माइक पुसत होते. त्याने फोनवर तेवढाच तुकडा लावला. पुन्हा लावला.

“यात एक आवाज राहिलाय.”

“राहिला नाही. ठेवलाय.”

“हा... मी?”

“हो.”

“दरवेळी असं करतो?”

“खरंच जाणून घ्यायचं असेल तेव्हा.”

तो खाली बसला. स्वतःचं नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा. “मी एवढी वर्षं हे करतोय आणि मला ते कधी ऐकूच आलं नाही.”

“मी कापत होते.”

“आणि कापलेले कुठे जातात?”

“एका फोल्डरमध्ये.”

“फोल्डरचं नाव?”

“कचरा.”

“शास्त्रज्ञबाई.”

“...‘कचरा नाही’,” मी म्हटलं.

तो हसला, मग हसायचा थांबला. “म्हणजे मठ्ठ मीच.”

“मी नाही म्हटलं तसं. तूच म्हणालास.”

त्याने पाहुण्यांची खुर्ची मागे ओढली. मी बसले. माइक इथून फार मोठा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. तो काचेपलीकडे माझ्या जागी गेला, भलतंच बटण दाबलं, मग दुसरं. माझे हेडफोन त्याने कानाला लावले.

“म्हणजे त्या प्रकाशकांना नाव कळवायचंय ते तू?”

“हो. त्या मावशी आहेत. माझ्या.”

“अजून काय काय दडवलंयस?” तो पुटपुटला. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ जेमतेम विलग झाले. हवा आत गेली, मध्येच थांबली.

“नाव सांगा,” तो म्हणाला, “आणि काय करता ते सांगा. सहज बोला.”

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, मुखपृष्ठावर छापायचं तसं. मग घसा साफ केला.

“मी लिहिते,” मी म्हटलं. “त्यातलं एक प्रकरण तुझ्यावर आहे.”