सहा मिनिटांचं पाताळ

मी जिन्यातच बसले होते. खालून तो कॉफीचे दोन पेले घेऊन आला.

"उठता का? सांडेल हं," तो तमिळमध्ये म्हणाला.

उठायचं त्राण कुणाला होतं! त्यानं एक पेला माझ्या हातात दिला. तो कुणासाठी आणला होता, ते मी विचारलंच नाही.

टी. आर. अनंतकृष्ण. मी एस. लक्ष्मीप्रिया. कुंभकोणमात आडनाव लावतो कोण? नावाआधीच्या आद्याक्षरांवर भागतं. तो रोज जवळच्या तिरुविडैमरुदूरहून गाडीनं यायचा. काम दोघांचं एकच... ग्रीक पुराणांवरच्या जुन्या मूक ॲनिमेशनपटांचे ओरखडे कॉम्प्युटरवर पुसायचे, एकेक चित्र करून. मेलेल्या बायकोला आणायला एक वादक पाताळात जातो, ती मागून येते, पण बाहेर पडेपर्यंत त्यानं वळून बघायचं नाही, ही सहा मिनिटांची गोष्ट. आम्ही मात्र महिनोन्‌महिने त्या पाताळात! डोळ्यांची पार वाट लागली.

"वळू नको म्हटलं होतं ना, मग हा मागे का बघतो?" मी वैतागून विचारलं.

"मागे कोण चालतंय, त्यावर आहे..." तो पडद्याकडे बघतच हसला.

मला तो आवडायला लागला होता. सांगायची सोय नव्हती. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, त्यामुळे बाबांना घरी मराठी बोलणारा जावई हवा होता. मग दुपारी फोनवर मी सगळं आईलाच सांगायची. त्याच्यासमोर, बिनधास्त. मराठी त्याला कुठे कळणार!

शेवटच्या दिवशीही तेच.

"अग्गो आई, थकले मी. सोमवारी तो चेन्नैस जातो, नोकरीस. मज फार आवडतो तो... बाबास काय सांगू?"

"तंजावरचे मराठे हाव आम्ही, म्हणून सांगा," तो शेजारून म्हणाला.

मी फोन कानावरून खाली घेतला.

"तुम्हांस... असकं कळत होतं?"

"होंव. पहिल्या दिवसापासून. माझ्या नाकाविषयी बोललां, तेंही."

"लबाड! सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलणं सोडलं असतं." त्याचा आवाज दमलेला होता. "इतकं थकून घरी जात होतो मी... तें ऐकूनच बरं वाटे."

राग आला होता, खरंच. पण डोळे भरून आले, त्याला काय करू?

फोनवर आई ओरडत होती, "अग्गो, मराठीत कोण बोलत हाय तिथे?"

मी फोन त्याच्यापुढे धरला.

"तुम्हीच सांगा," म्हटलं.


त्यानं फोन घेतला, घसा खाकरला... आणि इतका वेळ धीटपणे बोलणारा तो, आईशी बोलताना लाजला.