शंभराच्या आत

अडोंग जिने चढून आली तेव्हा सेबुन्या थंड मटोके, म्हणजे उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा लगदा, चिवडत होता. नाकिबूलेबाई खासगी तपास करीत, बहुधा हरवलेल्या नवऱ्यांचा. सेबुन्या त्यांचा मदतनीस.

"मावशी, आज चारला अ‍ॅपच्या कामावरून माझं नाव काढून टाकताहेत."

दवाखान्यांच्या लसनोंदींचं ते ओपन सोर्स अ‍ॅप होतं. कुणीही यावं, फुकट राबावं, असा उदार कारभार. नवख्यांनी आलेल्या तक्रारी तांदळासारख्या निवडायच्या. 'स्वस्त फोनवर नोंदी पुसल्या जातात' ही २१२ नंबरची तक्रार अडोंगने बंद केली, दोष तसाच राहिला, आणि तीन दवाखान्यांतल्या पोरांच्या नोंदी गेल्या.

"बंद का केलीस?"

"तीच तक्रार ९७ नंबरला उघडी होती. तसं लिहून मंगळवारी बंद केली. मग उघड्या बरोबर शंभर उरल्या. ९७ला मी हात लावला नाही. दोनशेच्या आतल्या नंबरच्या जुन्या तक्रारी आम्हा नवख्यांना बंद करता येतच नाहीत."

अ‍ॅपच्या कचेरीत तिघं पोचले तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं : उघड्या तक्रारी ९९.

"शुक्रवारी देणगीदार आले होते," प्रमुख ग्यागेंडा म्हणाले. "शंभराच्या आत आलो म्हणून केक कापला. आणि या पोरीने हा घोळ घातला. हिच्यामुळे त्या दोषाची एकही तक्रार उघडी राहिली नाही."

"मंगळवारनंतर नवी तक्रार?"

"एकही नाही."

दुरुस्ती करणारा ओकुरुत कोपऱ्यात शाल पांघरून बसला होता. "सोमवारपासून मलेरिया. दुरुस्ती सोडा, फोनही उघडला नाही. केक पण संपवला यांनी."

नाकिबूलेबाई खुर्चीत टेकल्या. "मंगळवारी शंभर. नवी आली नाही, दुरुस्त काही झालं नाही. शुक्रवारी नव्व्याण्णव. एक गेली कुठे?"

"बरी झाली असेल," सेबुन्या म्हणाला.

"ती सर्दी नव्हे, बाबा. कुणीतरी नुसतीच बंद केली. ग्यागेंडासाहेब, सगळे २१२ घेऊन बसलेत. तिच्यावर लिहिलंय, ९७ पाहा. मग ९७ही बंद आहे, एकही उघडी नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

ग्यागेंडा उठून फळ्याला आडवे उभे राहिले.

अडोंगने फोनवर ९७चं पान काढलं. गुरुवारी बंद, ग्यागेंडांच्या नावाने. कारण : २१२सारखीच. दोन तक्रारी एकमेकींकडे बोट दाखवत मेल्या होत्या.

"देणगीदार येणार होते," ग्यागेंडा पुटपुटले. "एकच कमी पडत होती. वाचली नाही मी."

"हिचं नाव?"

"राहू दे. आणि ९७ पुन्हा उघडतो."

अडोंगने फळा पुसून १०० लिहिलं. ओकुरुतने शाल बाजूला ठेवली, उसासा टाकला आणि ९७ वाचायला घेतली. तिच्यावरची पहिली तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.